गाळलेला शब्द

मुद्रितशोधनाच्या कामात चुका दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या चुका डोळ्यांना बोचतात. उलटा पडलेला खिळा, ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ, निसटलेला अनुस्वार अशा चुका नवखा माणूसही चार-सहा महिन्यांत पकडू लागतो. दुसऱ्या प्रकारची चूक डोळ्यांना मुळीच दिसत नाही. जुळाऱ्याच्या हातून एखादी ओळ गळते आणि योगायोगाने मागचे वाक्य पुढच्या वाक्याशी असे सांधले जाते की वाचणारा कुठेच अडखळत नाही. जे छापलेच गेले नाही ते हरवले आहे, हे वाचकाला कळावे तरी कसे? त्यासाठी मूळ हस्तलिखित शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून पाहावी लागते. दुसरा उपाय नाही.

हे काम मी २३ वर्षे केले. वसईहून रोज लोकलने मुंबईस जाऊन एका मराठी प्रकाशनसंस्थेत १९८४ साली मी मुद्रितशोधक म्हणून रुजू झाले. त्या वेळी मजकूर खिळ्यांनी जुळवला जाई आणि ओल्या शाईच्या गॅल्या टेबलावर येत. पुढे संगणक आला, ऑफसेट आले, जुळाऱ्यांच्या लाकडी केसी अडगळीत गेल्या. मी संपादन विभागात गेले. २००७ साली मी नोकरी सोडली. तेव्हापासून मी लिहिते आणि वसईच्या पाण्यासाठी, झाडांसाठी व पाणथळ जागांसाठी चाललेल्या कामात जमेल तेवढा भाग घेते. पुस्तकांच्या सावलीतून उठून तुम्ही या उन्हात कशासाठी आलात, असे स्नेहीजन अजूनही विचारतात. मला मात्र हे दोन व्यवसाय वेगळे वाटत नाहीत. ते तसे का वाटत नाहीत, हे सांगण्यासाठी हा लेख.

संपादकाचे काम निनावी असते. लेखकाचे विस्कटलेले वाक्य सरळ करावे, पुनरुक्ती काढावी, एखाद्या सनावळीची खातरजमा करावी आणि पुस्तक बाहेर पडले की आपण बाजूला व्हावे, ही त्या घराची रीत. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. उलट, आपल्या नावाविना एखादे चांगले वाक्य जगात जाते याचा एक शांत आनंद असतो. पण एका हस्तलिखिताने माझ्या या शांततेला प्रथम धक्का दिला. पाण्याच्या पारंपरिक साठ्यांविषयीचे ते पुस्तक होते. लेखक देशावरचे, व्यासंगी गृहस्थ. त्यांच्या मजकुरात आड होते, बारव होती, तळी, बंधारे, पोखरण, सारे होते. बावखल मात्र नव्हते. मी समासात शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून तो शब्द लिहिला. लेखकांनी तो कधी ऐकला नव्हता. त्यांनी मोठ्या मनाने उत्तर पाठवले की, तुम्हीच एक परिच्छेद लिहून घाला, मी तो आनंदाने स्वीकारीन. मी तो लिहिला. रीतीप्रमाणे तो माझ्या नावाविना छापला गेला. पण त्या बारा-पंधरा ओळी लिहिताना माझ्या ध्यानात आले की, जे मी जन्मापासून रोज पाहत होते त्याविषयी मराठीत लिहिण्याची वेळ माझ्यावर प्रथमच आली होती.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी बावखल म्हणजे काय ते सांगायला हवे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाड्यांमध्ये पूर्वजांनी खोदलेली ही गोड्या पाण्याची डबकी-तळी होत. कुठे ती पाच-सहा गुंठ्यांची, कुठे त्याहून लहान. पावसाळ्यात वाड्यांतले आणि आळीतले पाणी उताराने त्यांत येऊन थांबते. तेथून ते वाळूमिश्रित जमिनीत सावकाश मुरते आणि आसपासच्या विहिरींना मिळते. केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुलझाडे यांच्या बागा या पाण्यावर जगल्या. काठावर झाडे असतात, पाण्यात मासे, बेडूक आणि खंड्या असतो. बायका तेथे कपडे धुवत, मुले पोहायला शिकत. बावखलांना नावेही असतात. कुणाला काठच्या झाडाचे, कुणाला शेजारच्या घराण्याचे.

या डबक्यांचे खरे मोल मात्र डोळ्यांना दिसत नाही. समुद्र जवळ असलेल्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने हलके असते. भूजलशास्त्राचा एक ठोकताळा आहे. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. याचा व्यत्यासही तितकाच खरा आहे. वरची पातळी १ फुटाने खाली गेली की खालून खारे पाणी ४० फूट वर येऊ पाहते. उपसा वाढला आणि मुरणारे पाणी घटले की विहीर आटण्याआधीच मचूळ होते. बावखल बुजवल्याने केवळ एक डबके जात नाही, आसपासच्या विहिरींखाली गोड्या पाण्याचा जो थर असतो त्याचा एक आधार निघून जातो.

वसईला या गोष्टीची जाणीव करून देणारे लोक माझ्या आधी होऊन गेले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली. टँकरने होणारा पाण्याचा उपसा आणि हिरव्या पट्ट्यावर चालून येणारी बांधकामे यांच्याविरुद्ध हजारो माणसे रस्त्यावर आली. त्या चळवळीच्या अग्रभागी असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. प्रूफे तपासणारी लेखणी आणि मोर्चापुढे चालणारी पावले एकाच माणसाची असू शकतात, हे आमच्या पिढीने त्यांच्यात पाहिले.

अमेरिकेतील रेचल कार्सन यांचे चरित्र वाचताना मला हाच धागा पुन्हा सापडला. त्या समुद्रजीवशास्त्राच्या अभ्यासक. १९३६ पासून त्या सरकारी नोकरीत होत्या आणि १९४९ साली मत्स्य व वन्यजीव खात्याच्या प्रकाशनांच्या मुख्य संपादक झाल्या. इतरांचे अहवाल सुधारणे, पुस्तिका सिद्ध करणे हे त्यांचे रोजचे काम. १९५१ साली आलेल्या ‘द सी अराउंड अस’ या पुस्तकाला मोठे यश मिळाले आणि १९५२ साली त्यांनी नोकरी सोडली. दहा वर्षांनी, १९६२ साली, ‘सायलेंट स्प्रिंग’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. डीडीटीसारखी कीटकनाशके माती, पाणी, पक्षी आणि माणूस यांच्या साखळीत कशी शिरतात ते त्यांनी त्यात दाखवून दिले. ते छापू नये यासाठी एका रसायन कंपनीने प्रकाशकाला धमकीवजा पत्र पाठवले. प्रकाशक डगमगला नाही. पुस्तकाच्या शेवटी आधारांची सुमारे ५५ पानांची यादी होती. मला त्यांच्या भाषेइतकेच त्या ५५ पानांचे कौतुक वाटते, कारण ती पाने संपादकाच्या हाताची आहेत. १९६३ साली अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीने त्यांच्या प्रतिपादनाला बळ दिले. १९६४ साली त्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्या देशाने डीडीटीवर बंदी घातली ती १९७२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.

एवढ्या मोठ्या माणसांच्या पंगतीत बसण्याची माझी योग्यता नाही. पण वाट कोणती हे त्यांच्याकडे पाहून कळते. २००७ साली घरच्या कामासाठी मी आमच्या वाडीचा सातबारा काढला. सवयीने तो प्रुफासारखा वाचला. वाडी होती, क्षेत्र होते, पाच हिस्सेदारांची नावे होती. बावखल कुठेच नव्हते. त्याच्या जागी एक शब्द होता, ‘पोटखराबा’. लागवडीस अयोग्य जमिनीला महसुली भाषेत हा शब्द आहे. ज्या पाण्याने त्या कागदावरच्या सगळ्या लागवडीयोग्य गुंठ्यांना जगवले, ते पाणीच कागदावर ‘खराबा’ ठरले होते. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. व्याकरणाची चूक नव्हती, आकड्यांची बेरीज बरोबर होती. ओळ मात्र गळली होती. उद्या कुणी ते बावखल मातीने भरले असते, तर कागदावर काहीच नष्ट झाले नसते.

त्या वर्षाच्या अखेरीस मी राजीनामा दिला. निर्णय घरात सोपा नव्हता. पगार बंद झाला. मराठी लेखाच्या मानधनावर चूल पेटत नाही, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. घरबसल्या संपादनाची कामे घेऊन मी खर्च भागवू लागले आणि उरलेल्या वेळात एक वही घेऊन सायकलवरून आसपासच्या आळ्यांत फिरू लागले. बावखलाचे नाव, मालकी, लांबी-रुंदी, कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकते, काठी कोणती झाडे आहेत, कोणत्या विहिरी जवळ आहेत, असे रकाने मी आखले होते. म्हाताऱ्या माणसांनी मला मनापासून मदत केली. कित्येक नावे त्यांच्याच तोंडी उरली होती. दोन पावसाळ्यांत ४३ नोंदी झाल्या. त्यांची मी एका फर्म्याची, म्हणजे १६ पानांची पुस्तिका केली. कागद कोणता, टाइप किती मोठा, घडी कुठे, हे मला कुणाला विचारावे लागले नाही. आयुष्यात प्रथमच मुखपृष्ठावर माझे नाव होते.

नाव छापण्याचा अर्थ मला लगेच कळला. निनावी परिच्छेदावर कुणी रागावत नाही. नावासह लिहिलेल्या १६ पानांवर लोक रागावतात, आणि ते आपलेच लोक असतात. आमच्या पाच हिस्सेदारांपैकी दोघांना बावखल भरून जागा विकायची होती. त्यांत माझा थोरला चुलतभाऊ होता. तो वाईट माणूस नाही. त्याने चाळीस वर्षे केळी लावली, पहाटे उठून टोपल्या स्टेशनावर नेल्या आणि मुलांना शिकवले. ती मुले आता शेती करणार नाहीत. घरच्या बैठकीत तो म्हणाला, “तुझे लेख वाचून आमच्या केळीला भाव मिळतो का? तू महिन्याच्या महिन्याला पगार घेतलास. आम्ही पावसाची वाट पाहिली. आता जमिनीला किंमत आली तर तू म्हणतेस, डबके राखा.” आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. मी म्हटले, “दादा, विकू नकोस असे म्हणायचा अधिकार मला नाही. पण तुझ्या वाटणीचे भरलेस तर पाचही घरांच्या विहिरी जातील. तेवढा हिशेब आधी मांडू.” तो हिशेब मी कागदावर मांडला. विहीर खारी झाल्यावर वर्षाला किती टँकर लागतील, बोअर किती खोल न्यावी लागेल, नारळाचे काय होईल. त्यानंतर माझ्या भविष्यनिर्वाह निधीतली काही रक्कम घालून मे महिन्यात आम्ही बावखलातला गाळ काढला. पुढच्या वर्षी मेअखेरपर्यंत विहिरींना गोडे पाणी होते. तीन हिस्सेदारांनी लिहून दिले की, सर्वांच्या संमतीविना आपला भाग भरणार नाही. दादाने सही केली नाही. पण भरलेही नाही.

दुसऱ्या हिस्सेदाराने आपला भाग विकला. तेथे राडारोड्याचा भराव पडला आणि आज तेथे चार मजली इमारत उभी आहे. त्या इमारतीत राहणाऱ्यांवर माझा राग नाही. मुंबईत ज्यांना घर परवडत नाही त्यांनी जावे कुठे? एप्रिलमध्ये त्यांच्याकडे टँकर येतो, तेव्हा त्यांच्यातल्या काही बायका आमच्या विहिरीवर पिण्याचे पाणी भरायला येतात. आम्ही नाही म्हणत नाही.

अशा वेळी कायदा काय करतो, असा प्रश्न साहजिकच येतो. या प्रश्नानेच मला कायद्याची पुस्तके प्रुफासारखी वाचायला लावली. पाणथळ जागांच्या संरक्षणाचे केंद्रीय नियम २०१० साली आले आणि २०१७ साली ते नव्याने लिहिले गेले. नव्या नियमांतील व्याख्येत पाणथळ जागा कोणती हे सांगून पुढे अपवाद दिले आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव, मत्स्यशेती, मीठ, सिंचन अशा कारणांसाठी केलेली बांधकामे त्यांत बसत नाहीत. म्हणजे वाडी शिंपण्यासाठी पणजोबांनी खोदलेले बावखल व्याख्येबाहेर जाऊ शकते आणि मिठागरही. सार्वजनिक तळ्यांवरील अतिक्रमणांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००१ आणि २०११ साली कडक निर्णय दिले. पण ते गावाच्या सामाईक मालकीच्या तळ्यांविषयी आहेत आणि आमची बहुतेक बावखले खासगी आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५च्या आदेशाने खारफुटीला मोठे संरक्षण मिळाले, ही मोठी जमेची बाजू. परंतु खारफुटी आणि वाडी यांच्यामधल्या या गोड्या पाण्याचे नाव त्यातही नाही. कायद्याचे शब्द जेथे संपतात तेथे मालकाची समजूत घालावी लागते आणि समजूत घालण्यासाठी भाषाच लागते.

भाषेचा हा प्रश्न केवळ वसईचा नाही. २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार एखाद्या मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी घ्यायची तर ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. मी असे काही सारांश वाचले आहेत. शब्द मराठी असतात, वाक्य मात्र कुठल्याच भाषेचे नसते. ज्या कोळ्याच्या जाळ्याचा प्रश्न आहे त्याला त्यातून काही उमगत नाही आणि हरकतीची मुदत निघून जाते. २०२० साली याच अधिसूचनेचा नवा मसुदा हिंदी व इंग्रजीत प्रसिद्ध झाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून रोजी तो आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत द्यावा असे सांगितले. केंद्र सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. देशाच्या पाण्याविषयीचा कागद ज्यांच्या घरात पाणी शिरणार त्यांना वाचता यावा, यासाठीही न्यायालयात जावे लागते. त्या उन्हाळ्यात आम्ही काही जणांनी टाळेबंदीत घरी बसून मसुद्यातील महत्त्वाच्या कलमांचे सोपे मराठी केले. तेवीस वर्षांचे माझे शिक्षण त्या कामी आले, असे मी समाधानाने म्हणू शकते.

९ आणि १० जुलै २०१८ रोजी वसई, नालासोपारा आणि विरार पाण्याखाली गेले. रुळ बुडाल्याने गाड्या बंद पडल्या, मिठागरांत अडकलेल्या माणसांना बाहेर काढावे लागले. पाणी ओसरल्यावर मी माझी वही उघडली. ४३ नोंदींपैकी ११ बावखले तोवर बुजली होती. एवढ्याने पूर आला असे मी म्हणणार नाही. पाऊस मुसळधार होता, खाड्या आक्रसल्या होत्या, नाले तुंबले होते आणि सखल जमिनींवर भराव पडले होते. पण आकाशातून पडलेले पाणी कुठेतरी थांबते, आणि थांबायला दिलेली जागा आपण काढून घेतली की ते घरात येऊन थांबते, एवढे त्या दिवशी साऱ्यांना कळले. पाणी ओसरल्यावर आठवडाभराने दादा घरी आला आणि पुस्तिकेची एक प्रत मागून घेऊन गेला. त्याने सही अजून केलेली नाही. मीही विचारलेले नाही.

आता पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायची आहे. बुजलेल्या बावखलांच्या नोंदी गाळाव्यात, असे एका तरुण सहकाऱ्याने सुचवले, कारण ती आता अस्तित्वात नाहीत. मी त्या ठेवणार आहे. नाव, जागा आणि पुढे ‘बुजवले’ असे लिहून साल. नवी इमारत बांधणाऱ्याला, तेथे राहायला येणाऱ्याला आणि पुढे कधी तेथली विहीर खारी का झाली हे शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ती ओळ लागेल.

या त्रैमासिकाच्या वाचकांत वाडीत वाढलेले पुष्कळ जण आहेत. आपल्या घराजवळच्या बावखलाचे नाव आपल्याला ठाऊक असेल. नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना या आठवड्यातच विचारावे आणि ते तारखेसह एका कागदावर लिहून ठेवावे. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.